काळी-पिवळीत बसून मास्कचा विचार

जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात राज्याच्या आरोग्य खात्याचं एक पत्र निघालं. रेल्वे, बस, सिनेमागृहं, दवाखाने, शाळा-कॉलेजं अशा बंद जागांमध्ये मास्क लावावा, असं त्यात होतं. पत्राची शाई वाळायच्या आत आरोग्यमंत्र्यांनी खुलासा केला की ही सक्ती नाही, आवाहन आहे. गुढीपाडव्याला, 2 एप्रिल 2022 रोजी, राज्यानं सगळे निर्बंध उठवले तेव्हा मिटला असं वाटलेला वाद या एका पत्रानं पुन्हा उकरून काढला. मग वर्तमानपत्रांतून, मोबाईलवरून आणि पानठेल्यावरून दोनच सूर ऐकू आले. एक शहाण्यांचा: लोकांना अक्कल नाही, दंड लावल्याशिवाय ही माणसं ऐकायची नाहीत. दुसरा वैतागलेल्यांचा: "आता कुठी हाय बाप्पा कोरोना? उगाच लोकाईले भेव दाखून राहिले." दोघंही भांडतात ते कापडाच्या तुकड्यावरून. तो तुकडा तोंडाला लावून माणूस ज्या गाडीत बसणार ती गाडी कशी आहे, तिच्यात किती जण कोंबलेत, ती मुळात गावात येते का, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मास्कची सक्ती परत आणू नये, आणि दंडाची पावती तर मुळीच नको. पण गर्दीच्या बंद गाडीत आणि दवाखान्यात मास्क लावणं ही रीत म्हणून टिकली पाहिजे. किमान जो लावतो त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहू नये, एवढं तरी टिकलंच पाहिजे. आणि हे सगळं प्रवाशाच्या शहाणपणावर सोडून गाड्या सोडणाऱ्यांनी हात झटकू नयेत. गाडीतल्या हवेला जेवढा प्रवासी जबाबदार आहे, त्याहून जास्त जबाबदार तो आहे ज्यानं तिघांच्या बाकावर पाच जण बसवायची वेळ आणली.

सक्तीवाल्यांची बाजू कमजोर नाही, हे पहिल्यांदा कबूल केलं पाहिजे. कोरोनाची दुसरी लाट आधी आली ती मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्याकडे विदर्भात. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळात रुग्ण भराभर वाढले, अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. पुढे जगानं ज्याला डेल्टा म्हणून ओळखलं, त्याच्या कुळातले नमुने तेव्हा विदर्भात सापडत होते. त्या उन्हाळ्यात खेड्यांनी काय पाहिलं ते इथे पुन्हा सांगायची गरज नाही. म्हणून "लोकांच्या मर्जीवर सोडलं की कुणीच लावत नाही, आणि मास्क दुसऱ्याला वाचवतो, तेव्हा तो ज्याच्या-त्याच्या मर्जीचा विषय कसा?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मास्कचा उपयोग होतो का, याचंही उत्तर हाताशी आहे, आणि ते आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेलं आहे. बांगलादेशात 2020-21 च्या हिवाळ्यात 600 गावांमधल्या तीन लाखांहून अधिक प्रौढांवर प्रयोग झाला. अर्ध्या गावांत मास्क वाटून लावायला प्रोत्साहन दिलं, अर्ध्या गावांत काहीच केलं नाही. जिथे सर्जिकल मास्क वाटले, तिथे लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे 11 टक्क्यांनी कमी निघाला, आणि साठीच्या पुढच्यांमध्ये तर 35 टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही.

पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू सक्तीवाले सांगत नाहीत. तिथे मास्क वापरणाऱ्यांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेलं, ते दंड न लावता. घरोघरी मास्क फुकट दिले, बाजारात आणि मशिदीजवळ माणसं उभी करून "मास्क लावा भाऊ" असं तोंडानं सांगितलं, गावातल्या मान्यवरांनी आणि इमामांनी स्वतः लावून दाखवले. मोबाईलवर संदेश पाठवून किंवा गावाला बक्षिसाचं आमिष दाखवून वेगळा फरक पडला नाही. समोर उभं राहून सांगणारं माणूस लागलं. आणि 42 म्हणजे शंभर नव्हेत, हेही खरं. अर्ध्याहून जास्त लोकांनी तरीही लावला नाहीच. तरी म्हाताऱ्यांना फायदा झाला.

आपल्याकडे काय झालं? तालुक्याच्या चौकात पोलीस उभे, त्यांच्या अलीकडे शंभर पावलांवर सगळ्यांचे मास्क हनुवटीवरून नाकावर, पलीकडे शंभर पावलांवर नाकावरून हनुवटीवर. दोन वर्षं आपण लोकांना हे शिकवलं की मास्क हा पावतीपासून वाचवतो. रोगापासून वाचवतो हे शिकवायचं राहूनच गेलं. मग 2 एप्रिलला पावती बंद झाली आणि एका रात्रीत मास्क गेला, यात नवल कसलं? लोक बेजबाबदार निघाले म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं की जबाबदारी त्यांच्याकडे कधी दिलीच नव्हती. होती ती फक्त भीती, आणि तीही खाकीची.

27 नोव्हेंबर 2021 च्या सरकारी आदेशात एक वाक्य होतं: रुमालाला मास्क मानलं जाणार नाही, रुमाल बांधणाऱ्यालाही दंड होईल. शास्त्राच्या दृष्टीनं आदेश चुकीचा नव्हता, बांगलादेशचे आकडेही तेच सांगतात. पण तो आदेश कुणाला उद्देशून होता? विदर्भातला माणूस मार्चपासून जूनपर्यंत तोंडाला दुपट्टा बांधूनच घराबाहेर पडतो. डोकं, कान, नाक, तोंड, फक्त डोळे उघडे. कॉलेजातल्या पोरी स्कूटीवर स्कार्फ अशा बांधतात की बापालाही ओळखू येऊ नये. तोंड झाकायचं वावडं ज्यांना कधीच नव्हतं, अशा लोकांना तोंड झाकण्यावरून दंड करण्याची करामत आपण करून दाखवली. दुपट्टा कुणी सक्तीनं बांधायला लावला नाही. ऊन लागतं, झळ बसते, बांधला की बरं वाटतं, दोन मिनिटांत प्रत्यय येतो. मास्कचा प्रत्यय असा लगेच येत नाही. तुमच्यामुळे कुणाला रोग झाला नाही, ही गोष्ट तुम्हाला कधीच दिसत नाही. म्हणून तिथे सांगणाऱ्यावरचा विश्वास लागतो, आणि विश्वास कमवायचं काम आशाताई, शिक्षक, कीर्तनकार, दवाखान्यातली सिस्टर करू शकली असती. त्यांनी ते जमेल तितकं केलंही. पण त्यांच्या पुढे पावतीपुस्तक उभं केलं की त्यांचं कोण ऐकणार?

सक्तीनं रोग लपतो हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. 2020 मध्ये ज्या साथरोग कायद्याखाली राज्यानं निर्बंध लावले तो 1897 चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, संशयितांना उचलून छावण्यांत नेलं, रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासलं. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, शहर सोडून पळाले आणि प्लेग सोबत नेला. पुढे 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या ते आपण शाळेत शिकतो, पण साथ आटोक्यात आणण्याच्या दृष्टीनं ती मोहीम का फसली ते शिकत नाही. आजची तुलना तितकी ताणायची नाही. आपला चौकातला हवालदार म्हणजे रँड नव्हे, आणि बहुतेक वेळा तोच बिचारा बारा-बारा तास उन्हात उभा होता. पण एप्रिल 2021 मध्ये गावागावांत ताप अंगावर काढणारी, "तपासलं की कोविड सेंटरले नेतेत" म्हणून तपासणीच टाळणारी माणसं आपण पाहिली की नाही? 2020 मध्ये रस्त्यावर काट्या-फांद्या आणि दगड टाकून गावबंदी करणारे, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या आपल्याच मजुरांना शिवेवर अडवणारे, आपणच होतो की नाही?

आणि उतरलेला मास्क दुसऱ्यांदा चढवणं किती अवघड असतं, याचा दाखला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझात, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडात माणसं पटापट मरत होती त्याच सुमारास, तिथे ऑक्टोबरात मास्कचा कायदा झाला, न लावणाऱ्यांना दंड आणि कोठडी झाली. 21 नोव्हेंबरला शिट्टी वाजवून कायदा उठवला, लोकांनी रस्त्यावरच मास्क काढून फेकले. जानेवारी 1919 मध्ये रुग्ण वाढले म्हणून पुन्हा सक्ती आणली, तर मास्कविरोधी संघटना उभी राहिली, सभा झाल्या, आणि महिन्याभरात ती सक्ती गुंडाळावी लागली. पहिल्यांदा ज्यांनी मुकाट ऐकलं तेच दुसऱ्यांदा उलटले. जूनच्या पत्रानंतर मंत्र्यांनी घाईनं खुलासा केला तो बहुधा हे ओळखूनच. राजकारणी माणसाला जनतेची नाडी अधिकाऱ्यापेक्षा लवकर कळते.

आता दुसरी बाजू, "कोरोना गेला" म्हणणाऱ्यांची. त्यांचेही मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. 2022 चा मार्च देशात सव्वाशे वर्षांच्या नोंदीतला सर्वांत उष्ण ठरला. चंद्रपूर-अकोल्यात पारा 44-45 वर असताना पत्र्याच्या गाडीत नाकावर तीन पदरी मास्क लावून दीड तास बसणं म्हणजे काय, हे वातानुकूलित खोलीत बसून आदेश काढणाऱ्याला कळणार नाही. लसीचे दोन डोस झालेत, जानेवारी 2022 मधल्या ओमायक्रॉनच्या लाटेत घराघरांत सर्दी-ताप येऊन गेला, बहुतेक जण चार दिवसांत उठून कामाला लागले. नेत्यांच्या सभांना, लग्नांना, वाढदिवसांना मास्क नव्हता, मग आम्हालाच का, हा सवालही खराच. या सगळ्याला उत्तर म्हणून "तरीही लावा" एवढंच म्हणणं उद्धटपणाचं आहे.

पण एक गोष्ट या मंडळींच्या हिशेबात येत नाही. आपल्या एसटीत कोण बसतं? एसटीच्या सवलतींची यादी कधी वाचली आहे? तिच्यात क्षयरुग्ण आहेत, कर्करुग्ण आहेत, डायलिसिसचे आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, ज्येष्ठ नागरिक तर आहेतच. ज्याला गाडी करून सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यात, नागपूरच्या मेडिकलला जाणं परवडत नाही तो आजारी माणूस सरकारच्याच सवलतीत त्याच बसनं जातो, आणि तिकडून इंजेक्शन घेऊन, केमो घेऊन त्याच बसनं परत येतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलची घरं किती, हे तिकडच्या कुणालाही विचारा. अशा पोराला साधा छातीचा संसर्ग झाला तरी जिवावर बेततं. तुमचा कोरोना गेला असेल. त्याच्या शेजारच्या सीटवर बसून तुम्ही जे खोकता, ते कशाचं आहे हे महत्त्वाचं नाही.

आणि क्षय तर गेलेलाच नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. तोही हवेतूनच पसरतो, तोही कोंदट बंद जागेतच फावतो. कोरोनाच्या आधी खेड्यात तोंडाला मास्क लावून बसमध्ये कोण चढायचं? टीबीवाला. तो चढला की शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकायची, पोरांना जवळ ओढायची. म्हणून टीबीवाला मास्क लावायचाच नाही. खोकला दाबत, खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि गाडीभर जंतू वाटायचा. कोरोनाच्या दोन वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली, जी कुणी ठरवून केली नव्हती: सगळ्यांनीच मास्क लावल्यामुळे टीबीवाला ओळखू येईनासा झाला. त्याला लाज न बाळगता मास्क लावता येऊ लागला. क्षय-निर्मूलनाचे फलक वर्षानुवर्षं लावून जे साधलं नव्हतं, ते या साथीनं फुकटात करून दिलं.

तेच मग आपण घालवायला निघालो. मे 2022 मध्ये एका लग्नाला जाताना आमच्या शेजारच्या बाई एसटीत मास्क लावून बसल्या. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता, घरात जपायचं होतं, एवढंच. मागच्या बाकावरून एका काकांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "काहून माय, काही बिमारी हाय का?" गाडी हसली. बाईंनी पुढच्या थांब्याच्या आत मास्क काढून पिशवीत टाकला. काका वाईट माणूस नव्हता, गंमतच करत होता. सक्ती उठवायला सरकारचा आदेश पुरला, पण न लावण्याची सक्ती अशी गमतीगमतीत, आदेशाशिवाय लागू होते. आणि तिच्याविरुद्ध कुठे दाद मागणार? स्वातंत्र्याच्या नावानं मास्क झुगारणाऱ्यांनी लावणाऱ्याचंही तेवढंच स्वातंत्र्य मानायला नको का?

इथपर्यंत प्रवाशाची बाजू झाली. आता गाडीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

शहरातले लेखक मास्कवर लिहिताना विमानाची गोष्ट करतात. एप्रिल 2022 मध्ये फ्लोरिडाच्या एका न्यायाधीशानं अमेरिकेतली विमान-रेल्वेतली मास्कसक्ती रद्द केली, त्यावर आपल्याकडे रकाने भरले. विमानातली हवा दर काही मिनिटांनी बदलते, बारीक गाळणीतून गाळून येते. आमच्या गाडीचं वर्णन मी करतो. काळी-पिवळी जीप, कागदावर नऊ-दहा प्रवासी. ड्रायव्हरच्या बाजूला तिघं, त्यातला एक गिअरच्या दांड्याला पाय चिकटवून. मधल्या बाकावर पाच, मागं समोरासमोर आठ, त्यांच्या गुडघ्यांमध्ये खताचं पोतं आणि कोंबडीचं पिंजरं. मागच्या फळीवर क्लीनरचं पोर लोंबकळतं आणि "सरका न गा थोडं" म्हणत अजून एकाला आत ढकलतं. मृगाचा पाऊस आला की दोन्ही बाजूंचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडून बांधतात. आत अंधार, ओल्या कपड्यांचा वास, आणि सगळ्यांचा श्वास एक. अशा वेळी एकानं मास्क लावला काय नि न लावला काय, असं म्हणावंसं वाटतं. शास्त्र म्हणतं की अशाच ठिकाणी लावला तर सर्वांत जास्त उपयोग. दोन्ही म्हणणी मला पटतात, आणि दोन्ही पटतात म्हणूनच राग येतो.

कारण या जीपमध्ये लोक हौसेनं बसत नाहीत. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. एसटी सरकारात विलीन करण्याची मागणी, जवळजवळ 90 हजार कर्मचारी, उच्च न्यायालयानं 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं तोवर साडेपाच महिने उलटले. त्या कामगारांचं दुःख मोठं होतं, त्यांच्या घरांत आत्महत्या झाल्या, त्यांच्यावर बोट ठेवायचा माझा हेतू नाही. पण गंमत पाहा: ज्या दिवशी सरकारनं निर्बंध उठवून "आता मोकळेपणानं फिरा" म्हटलं, त्या दिवशी खेड्यातल्या माणसाकडे फिरायला बसच नव्हती. ओमायक्रॉनची अख्खी लाट आम्ही काळी-पिवळीत काढली. नोव्हेंबरच्या त्याच आदेशात सार्वजनिक वाहनात मास्क नसेल तर प्रवाशाला 500 रुपये दंड होता. गाडी न सोडणाऱ्याला किती दंड होता? सप्टेंबर 2020 मध्ये एसटीला पूर्ण आसनक्षमतेनं धावायला परवानगी मिळाली तेव्हाही हिशेब पैशाचा होता, हवेचा नव्हता.

रेल्वेची कथाही तीच. साथीच्या नावाखाली पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि परत आल्या त्या एक्स्प्रेस-स्पेशल भाड्यानं. तेच डबे, तेच थांबे, पण कमीत कमी तिकीट दहाचं तीस झालं. ज्येष्ठांना पुरुषांसाठी 40 आणि स्त्रियांसाठी 50 टक्क्यांची सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये काढली ती अजून परत आली नाही. तेव्हा सांगितलं होतं, म्हाताऱ्यांनी विनाकारण प्रवास करू नये म्हणून. आता निर्बंध संपले ना? मास्क उतरला, मग ही सवलत का चढत नाही? आमच्या दारव्ह्याकडची शकुंतला ही छोटी आगगाडी तर साथ यायच्या आधीच थांबली, तिचं नाव या यादीत घालत नाही. साथीत प्रवाशावर लादलेलं जे-जे सरकारला स्वस्तात उठवता येत होतं ते उठलं, आणि ज्यात दोन पैसे सुटत होते ते राहिलं.

कुणी म्हणेल, बसफेऱ्यांचा प्रश्न वेगळा, मास्कचा वेगळा, दोन्ही एकत्र कालवू नका. गाड्या वाढतील तेव्हा वाढतील, तोवर मास्क तर लावा. वरकरणी हे बिनतोड आहे. पण यवतमाळ जिल्ह्यानं हा युक्तिवाद एकदा ऐकलेला आहे. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांच्या डोळ्यांवर बेतलं. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली होती, फवारा डोक्यावरून मारावा लागत होता, दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारत होते, पंप नवे आणि जोराचे. चौकशा झाल्या आणि पुन्हा-पुन्हा एकच गोष्ट पुढे आली: मजुरांनी मास्क, हातमोजे, चष्मा वापरला नव्हता. ते खोटं नव्हतं. वापरायला हवाच होता. नाकाला ओला दुपट्टा बांधून विषारी वाफ अडत नाही, हे सांगणारं कुणी हवंच होतं. पण दुकानात कुठलं औषध कुणी कशात मिसळून द्यायला सांगितलं, त्या औषधाला परवानगी कशी होती, सप्टेंबरच्या उमसत्या उन्हात तो रबरी संच घालून सात तास फवारता येतं का, तालुक्याच्या दवाखान्यात उतारा होता का, हे सगळे प्रश्न त्या एका मास्कच्या मागे गडप झाले. दोष शेवटच्या माणसाच्या उघड्या नाकावर येऊन थांबला.

म्हणून मी दोन्ही एकत्र कालवतो. मास्कचा सल्ला बरोबर असूनही तो एकटाच दिला की तो सल्ला राहत नाही, ती पळवाट होते. आणि तिचा परिणाम उलटा होतो, कारण माणूस मूर्ख नसतो. आपल्याला जिथे कोंबलं जातंय तिथेच उपदेश केला जातोय हे त्याला कळतं, आणि मग तो उपदेशाबरोबर मास्कही फेकून देतो. खेड्यातला मास्कविरोध हा बराचसा मास्कचा विरोध नाहीच. त्याला विज्ञानाचा द्वेष म्हणणाऱ्यांनी लसीच्या रांगा आठवाव्यात. सुरुवातीला अफवा होत्या, कबूल. पण गावातली सिस्टर दारात आली, सरपंचानं स्वतः टोचून घेतली, चार जणांना काही झालं नाही हे दिसलं, तेव्हा याच माणसांनी दंड घेतले पुढे करून. (शब्दावर कोटी करायचा हेतू नव्हता, होऊन गेली.)

आपल्या बाजूच्या खोडीही झाकायच्या नाहीत. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरून दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर पिचकारी मारणाऱ्याला मास्कचा जाच होणारच. मागच्या खिडकीतल्या माणसाला त्या पिचकारीचा जो जाच होतो त्याचं काय? थुंकण्याविरुद्ध कायदा आहे, साथीत त्यालाही दंड होता, आणि माझ्या पाहण्यात तरी मास्कच्या मानानं त्या पावत्या फारच थोड्या फाटल्या. कारण उघड आहे: पावती फाडणाऱ्याच्याही गालात खर्रा. आणि हवा खेळती ठेवायची तर खिडकी उघडी पाहिजे, पण आपल्याकडे दोन थेंब आले की गाडीभर "काच लावा, काच लावा" सुरू होतं. एसटीच्या निम्म्या काचा तर अशा जाम असतात की एकदा लावलेली दिवाळीपर्यंत उघडत नाही, आणि उघडी असली तर लागत नाही. मास्कच्या पत्रात काचांबद्दल एक ओळ असती, तर पत्र लिहिणारा कधीतरी एसटीत बसला होता असं वाटलं असतं.

2022 मध्ये दोन वर्षांनी पायी वारी निघाली. शेगावहून गजानन महाराजांची पालखी, कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची, सगळ्या वाटेला लागल्या. 2021 मध्ये मानाच्या दहा पालख्यांच्या पादुका बसमधून पंढरीला गेल्या होत्या, मोजक्या वारकऱ्यांसह. आता उघड्या रस्त्यानं, मोकळ्या हवेत चालणाऱ्या वारकऱ्याला मास्क लावा म्हणणं हा मूर्खपणा होईल, आणि कुणी म्हणू नये. पण एकादशी झाल्यावर तोच वारकरी, साठी-सत्तरीचा, थकलेला, चार रात्री धड न झोपलेला, जादा गाडीत दाटीवाटीनं बसून दहा-बारा तास विदर्भाकडे परततो. मास्कची गरज आहे ती त्या परतीच्या गाडीत. आणि तिथेही ती गरज किती, हे ठरतं जादा गाड्या किती सुटतात त्यावरून.

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात. पाचवी ते बारावीच्या पोरींना एसटीचा पास मोफत आहे, सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्याही आहेत, आणि संपाच्या महिन्यांत याच पोरी घरी बसल्या किंवा काळी-पिवळीला रोजचे पैसे मोजून गेल्या. जून 2022 मध्ये संप संपून दोन महिने होत आले होते. तरी साथीच्या आधी धावणाऱ्या कित्येक फेऱ्या परत आलेल्या नव्हत्या, आणि रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला निघणारी मुक्कामी गाडी तर बऱ्याच गावांनी 2020 च्या मार्चनंतर पाहिलेलीच नव्हती. आगारात विचारलं तर चालक नाही, गाडी नाही, उत्पन्न नाही, अशी तीन उत्तरं मिळतात, कुणी विचारतोय त्यावर कुठलं मिळणार ते अवलंबून. तेव्हा येत्या ग्रामसभेत मास्क हवा की नको यावर तासभर भांडण्याऐवजी पंचायतींनी तीन गोष्टींचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडे द्यावा, आणि पोच घ्यावी. पहाटेची मुक्कामी गाडी सुरू करा. शाळेच्या वेळेला एकाऐवजी दोन फेऱ्या द्या, म्हणजे पोरी दारात लटकणार नाहीत. काचा दुरुस्त करा. चौथी गोष्ट पंचायतीनं स्वतः करावी: निधीतून सर्जिकल मास्कचे दोन-चार खोके आणून उपकेंद्रात ठेवावेत, आणि आशाताईंना सांगावं की क्षयाची गोळी न्यायला येईल त्याच्या घरच्यांना, सिकलसेलच्या पोराला, खोकला असून तालुक्याला निघालेल्या कुणालाही मागायच्या आत द्या. आणि बसमध्ये "काही बिमारी हाय का" विचारणाऱ्या काकांना कुणीतरी शेजारून सांगावं की असेल, नसेल, तुमाले काय करायचं हाय?